लाल फोनबूथचं गाव

अमेरिकेतल्या एडिसनमध्ये हार्ट क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये माझ्या शेजारी दोघी बोलत होत्या.

"प्रतिमाकाकू, काकांना अटॅक इंग्लंडमध्येच आला?"

"हो गं सई. एका जुन्या खेड्यात. नऊशे वर्षांचं चर्च बघून बाहेर पडलो आणि हे कोसळले."

"बापरे! मग हॉस्पिटल?"

"वीस मैलांवर! पण गावकऱ्यांनी जुना लाल फोनबूथ पाडू दिला नव्हता. आता त्यात शॉक द्यायचं मशीन ठेवलंय. बेकरीवाली बाई तेच घेऊन धावत आली."

"नशीबच म्हणायचं."

"नशीब कसलं? दीडशे माणसांचं गाव. केक विकून विकून त्यांनी ते मशीन घेतलेलं."

"तुम्ही त्यांना थँक यू म्हणालात?"

"मला इंग्लिश सुचेचना. मराठीतच रडत होते. ती बेकरीवाली आपली 'येस डियर, येस डियर' म्हणत मला धरून बसली."

"आणि काका?"

"दर रविवारी तिला व्हिडिओ कॉल करतात. आज किती चाललो ते सांगतात."