यंदा पक्ष बदललाय

आमच्या भुईगावच्या माजी नगरसेवकाची गंमत सांगतो. गेल्या निवडणुकीच्या प्रचारात साहेब नव्या रंगाचं उपरणं घालून थेट माझ्या आत्याच्या अंगणात हजर. वाकून पाया पडले आणि म्हणाले, "आजी, आशीर्वाद द्या. यंदा पक्ष बदललाय."

ज्या पायाला हात लावला तो प्लास्टरमध्ये होता. गल्लीतल्या खड्ड्यात पडून आत्याचा पाय मोडला होता. तिने शांतपणे विचारलं, "आनि मागच्या वेळी कबूल केलेला रस्ता?"

साहेब हसले. "अहो, तो आधीच्या पक्षाचा विषय होता. आता त्यावर मी काय बोलणार?"

"बरं. माझं मत पन आधीच्या पक्षालाच दिलेलं. तुझा-माझा कायच संबंध नाय. ऊठ."

साहेब तोंड पाडून गाडीत बसले, आणि वळणावर गाडी चिखलात रुतली. कार्यकर्ते घामाघूम झाले, गाडी काही हलेना. शेवटी साहेबांनी खाली उतरून आम्हा गावकऱ्यांना हात जोडले. "जरा धक्का द्या हो."

आम्ही पुढे झालो, तेवढ्यात ओट्यावरून आत्या ओरडली, "थांबा रे! आधी त्याला विचारा, आता कुठल्या पक्षात ढकलायचं?"