वठलेल्या कडुलिंबाची जागा

दिल्लीत आर. के. पुरमच्या बसस्टॉपवर देविकाच्या मागे एक वयस्कर जोडपं मोकळेपणाने मराठीत बोलत होतं.

"वठलेला कडुलिंब पाडा म्हणून अर्ज कुणी केला? तुम्हीच ना?"

"कुणाच्या डोक्यावर पडला असता, कुमुद."

"आता पाडला, आणि काल तुम्ही भलत्याच जिन्याने वर गेलात."

"सगळी क्वार्टर्स सारखीच. कडुलिंब दिसला की मी वळायचो."

"तिथे नवीन रोप लावलंय की."

"गुडघ्याएवढं. तसली रांगेने लावलीत."

"मग आपल्या रोपाच्या जाळीला माझ्या लाल साडीचा काठ बांधते."

"लोक विचारतील."

"नवस आहे म्हणेन."

"चैतन्यला खरं सांगू नकोस. एकट्याला बाहेर सोडणार नाही तो."

"आणि सूनबाईला?"

"कुणालाच कळायला नको."

"बरं. कुणालाच नाही."

मग आजोबांनी देविकाला विचारलं, "बेटा, कस्तूरबा गांधी मार्ग की बस यहीं रुकेगी न?"

'हो काका, इथेच' तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"जी अंकल, यहीं."

तेवढ्यात तिला आईचा फोन आला. त्या दोघांची बस येईपर्यंत तिने तो उचलला नाही.