रुक्मिणीच्या पाटयेक हात

हॅलो?… कोण बोलता?… एस्पेरांसा बाई! वालावलसून?… होय होय, मीच सीता. देवबागची मासेवाली सीता, दुसरी खयची?

…बरा आसा. खांदो शिवलो त्येका सात हप्ते झाले. पट्टो अजून गळ्यात… नाय ओ, दुखणा कमी आसा. पण हात वर जाणा नाय. केस विंचरूचे तर सुनेक हाक मारूक लागता. आणि ती विंचरता कसली, जाळा झाडल्यासारखी ओढता!… हसा, हसा.

…पाटी? छे. डाक्टरान सांगल्यान, सहा महिने डोक्यार काय्येक घेवचा नाय. पंचेचाळीस वर्षां मासे विकलंय बाईनू, आता पेज ढवळूक पण डावो हात.

…काय म्हणालात?… आठ दिस मासे नाय?… रुक्मिणी येणा नाय?…

…नाय, आसंय. ऐकतंय.

…आजारी नाय. बरी आसा ती. तुमी आधी माका सांगा, माझ्या बदली ती माझ्या गिऱ्हायकांच्या घरांका मासे घेवन येत होती, तेवा काय सांगत होती?… काय?… परत सांगा… “हे सीतेचे मासे, मी नुसती पोचवतंय”?… पयल्या दिसापासून?… दर घराक?… आणि तुमी म्हटलात, तूच येत रव, तेवा?… “सीतेचो खांदो बरो झालो की सीताच येतली.”

अरे देवा.

…रडणा नाय. बाईनू, तुमका सांगूक माका लाज वाटता… नाय, सांगतंय. कोणाक बोलूचा नाय हां.

माझ्या कानार कोणी तरी घातल्यान, रुक्मिणी वालावलची घरां आपली करून घेता म्हणान. मी तिका विचारलंय नाय. थेट किनाऱ्यार गेलंय, पट्टो बांधलेलो तसोच. थय माशांचो लिलाव चललेलो. सगळ्या बायकांसमोर तिका चोर म्हटलंय… होय, रुक्मिणीक.

…थांबा. तेवढ्यार थांबलंय नाय मी.

तुमी पाटी दारात उतरलेली बघतात, बाईनू. ती चढता कशी ता तुमका म्हायत नाय. भरलेली पाटी एकटीन डोक्यार चढणा नाय. दुसरीन हात लावूक व्हयो. भांडण असांदे, बोलणा बंद असांदे, पण पाटयेक हात लावचोच. माझ्या सासवेन माका पयल्या दिसाक ह्याच शिकवल्यान. आणि मी वराडलंय, “हिच्या पाटयेक कोणी हात लावू नकात!”

…नाय लावल्यानी. माझो बांधलेलो हात बघून सगळ्यांका माझीच दया इली. रुक्मिणी भरलेली पाटी समोर ठेवन उभी. एकेकीच्या तोंडाकडे बघी. मगे पाटी थयच सोडून घराक गेली.

तेवापासून ती किनाऱ्यार येणा नाय. म्हणान तुमका मासे नाय.

…होय. बोला, बोला, माका ऐकूकच व्हया.

…म्हायत आसा ओ! माझ्या कौस्तुभाच्या वेळाक मी बाळंतीण, तेवा सव्वा महिनो तिनाच माझी घरां सांभाळल्यान. तेवा वालावलाक जावक आतासारखी गाडी खय होती? होडयेन खाडी ओलांडूची, मगे चलत. एक घर कमी झाला नाय माझा. तेवाच्या होडयेत कोण खय बसायचा ता माका अजून आठवता, बाईनू. आणि तिना केलेला ह्या तेवढा आठवला नाय.

…नको, तुमी तिका फोन करू नकात… माझ्यासाठी तर नकोच… मी पण फोनार बोलूचंय नाय. घरात गुपचूप पाय धरले तर ता दोघींतच रवतला. चोर म्हटलंय ता गावान ऐकलेला आसा.

…आता. आताच जातंय. होडयो येवची वेळ झाली, सगळ्यो किनाऱ्यार असतल्यो. थय सांगतंय, मी खोटा बोललंय. मगे सगळ्यांका घेवन तिच्या दारापुढच्या खळ्यात जातंय.

…दार उघडूक नाय तर?… उभी रवतलंय… आज नाय तर फाल्या परत जातलंय. आणखी काय करू?

…बाईनू, सून घरात नाय. किनाऱ्यापर्यंत चलता चलता तुमी फोनार बोलत रवशात?… जरा धीर…

…नको. नको, ऱ्हवांदे. चोर म्हणूक एकटीच गेलंय, आता पण एकटीच जातंय. ठेवतंय.