बायकांच्या बाजूचा पडदा

वसतिगृहातून पहिल्यांदाच मी एकटी घरी निघाले होते! अमरावतीहून परतवाड्याची बस. मागच्या बाकावर माझं दप्तर मधे, पलीकडे सिनेमा पाहून आलेलं नवराबायकोचं जोडपं.

“भारी पिच्चर हाय म्हनत होते ना तुमी?”

“मले काय मालूम? दोस्त म्हने, पाहाच.”

“बायको यारासाठी नवऱ्याले मारते, यार तिले मारते. एक मानूस धड नाई त्यात! अन् ते आंगावरचे उघडे कपडे!”

“हळू बोल.”

“बायकांच्या बाजूले मी एकलीच. इंटरवलले मानसाईकडचा मधला पडदा सरकवून पायलं, तं समोर मामाजी.”

“आपले बाबा? ते तं सरकी आनाले गेलते!”

“शेंगा खात होते.”

“त्याईनं तुले पायलं?”

“पायलं. मान खाली घातली त्याईनं. आता जेवाले कशी वाढू मी?”

तेवढ्यात एक धोतरवाले म्हातारे चढले. रिकाम्या हातांनी. जागा फक्त माझ्या दप्तराची होती.

“बाबा, सरकी?”

“भेटली नाई.”

बाईंनी पदर नाकापर्यंत ओढला आणि माझा दंड धरला.

“पोरी, तू इकडं सरक व. अन् दप्तर मांडीवर उभं धर.”