बाईंच्या पुस्तकातला माझा शेरा

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, पालकहो, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या शिशुवर्गाच्या बाई,

मी इथला जुना मुख्याध्यापक. गौरवाचे चार शब्द बोला, असा निरोप आला. बाईंविषयी मी पूर्वीच चार शब्द लिहून ठेवलेत, त्यांच्या सेवापुस्तकात. ‘बाई वर्गात शिकवत नाहीत.’

मी पडलो कवितावेडा. चाळीस कोवळे गळे एका चालीत म्हणू लागले की माझे डोळे आपोआप मिटत. अजूनही मिटतात, असो. तपासणीला आलेल्या साहेबांना मोठ्या ऐटीत शिशुवर्गात नेलं, तर काय? मधोमध पाण्याचं घमेलं, भोवती बाह्या भिजलेली चिल्लीपिल्ली. एक चिमुरडी सांगत होती, “दगडाला झोप येते, म्हणून तो खाली जातो.”

“असं होय? मग बुचाला का नाही येत?” बाईंनी विचारलं, आणि गप्प बसल्या.

उत्तर सांगायला यांचं काय जात होतं? मीच पुढे झालो. “बाळ, जड वस्तू बुडते, हलकी तरंगते.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, एक टाचणी पाण्यात टाकली. टाचणी तळाला गेली. “ही जड आहे, आजोबा?”

साहेब खो खो हसले. त्या हसण्याचा राग मी बाईंवर काढला, मंडळी. दुसरं कारण नव्हतं. शेरा लिहिला, त्यांना तीन वर्षं कचेरीत हजेरीपटांवर रेघा मारायला बसवलं आणि वर्ग स्वतः घेतला. कविता काय सुरेख घुमायच्या! पण तीन वर्षांत एका मुलानंही मला उलट प्रश्न केला नाही.

परवा बाईंच्या घरी गेलो. म्हटलं, “तेव्हाच का नाही भांडलात?”

“सर, मूल चुकलं की मी लगेच सांगत नाही. त्याचं त्याला उमगेपर्यंत थांबते. तुम्ही जरा जास्तच वेळ घेतलात.”

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. बाई थांबल्या, पण त्या तीन वर्षांतली मुलं कुठे थांबली होती? ती मोठी होऊन निघून गेली.

अध्यक्ष महाशय, तो शेरा खोडून खाली माझी सही घ्यावी, एवढीच विनंती. आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते पोटात घाला. लिहिण्यात झालं, ते मात्र घालू नका.