तळापर्यंत तोच माल

बंधुभगिनींनो, मळ्यांतली कामं टाकून तुम्ही आलात. माझा जन्म वर्गात बोलण्यात गेला, पण आजचं पहिलंच वाक्य मी मनात तीनदा खोडलं.

आपला दामोदर आठ दिवसांपूर्वी विषमज्वराने गेला. तिशीही गाठली नव्हती. माझ्या वर्गात त्याने एक आर्या कधी धड म्हटली नाही. मात्रा गिळायचा. रागावलो की म्हणे, "गुरुजी, अर्थ कळला ना?"

आठवा, आपली द्राक्षं मुंबईला कशी जात. पाटीत वर टपोरे घड, खाली चिरडलेले. बापजाद्यांची रीत. म्हणून तिथला व्यापारी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपायचा आणि चांगले घडही फुटायचे. आपलीच लबाडी आपलाच माल नासवत होती.

कायदेभंगात तुरुंग भोगून आल्यावर दामोदरने बागाईतदारांचा संघ काढला. नियम एकच. तो बोट दाखवील ती पाटी संघाच्या या अंगणात, सर्वांदेखत, चादरीवर रिकामी करायची.

पहिल्या दिवशी बोट गेलं ते सख्ख्या चुलत्याच्या, आपल्या तुकानानांच्या पाटीकडे. नाना, सांगू ना? मान हलली. तर तळाला निम्मे घड सडके. नाना मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या शाळेनं पोरगं येडं केलं. नवरी काय मळक्या लुगड्यात दाखवत्यात?"

दामोदर म्हणाला, "नाना, नवरी एकदा दाखवायची. आपल्याला त्याच दारात रोज जायचंय."

नाना वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी तो मुंबईहून थेट माझ्या ओसरीवर आला. "गुरुजी, पाटीवर संघाची खूण पाहिली आणि व्यापाऱ्यानं हात घातला नाही."

एवढंच. इतक्या कविता शिकवल्या मी, अशी ओळ दुसरी ऐकली नाही.

तो गेला आणि मला धास्ती वाटली. नियम त्याचा. त्याच्यामागे टिकेल? परवा इथे आलो, तर अंगणात नाना उभे. स्वतःच्या जावयाची पाटी त्यांनी चादरीवर रिकामी केली. जावई कुरकुरला.

नाना म्हणाले, "कुरकुर घरी. हितं दामूचं चालतं."

मंडळी, तो अकाली गेला, पण याला हरणं म्हणायचं? मी नाही म्हणणार. आपला दामोदर जिंकून गेला.

बाळ, तुझ्या गुरुजींचा तुला नमस्कार.

आता उभे राहू या. मौन थोडंच ठेवू. बाहेर बैल जुंपले आहेत आणि आजचा माल आजच स्टेशनावर पोचायला हवा.