हँडल मी देणार नाही!

...आणि वर कॉलेजातले सर मलाच विचारतात, "अपोंदीबाई, स्लम्प टेस्ट म्हणजे काय?" अहो, मला विचारता? मला? बावीस वर्षं काँक्रीट कालवतेय मी, आमच्या किसुमू शहराच्या निम्म्या बाजाराच्या भिंती या हातांनी चढवल्यात, थापीवरून माल कसा सुटतो ते बघून सांगते की यात दोन डबे पाणी जास्त झालंय... पण नाही! पत्र्याचं नरसाळं घ्यायचं, त्यात माल ठासायचा, नरसाळं उचलायचं, ढीग किती खाली बसला ते पट्टीनं मोजायचं, वहीत लिहायचं, सरांची सही घ्यायची, तेव्हा कुठे ते खरं! माझा डोळा खोटा, पट्टी खरी. का? तर डिप्लोमा नाही ना माझ्याकडे!

आता तुम्ही म्हणाल, मग गेलीस कशाला बाई कॉलेजात, चव्वेचाळिसाव्या वर्षी? तुम्हाला सांगते, हौस नव्हती. ज्या ठेकेदाराच्या साईटी मी अकरा वर्षं सांभाळल्या, त्यानं एके दिवशी बोलावलं आणि म्हणाला, "अपोंदी, नियम बदललाय, देखरेखीला कागदवाला माणूस लागतो." आणि माझ्या डोक्यावर एक पोरगा आणून बसवला. शर्टाला इस्त्री! मी दोरीचा ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का बघत होते, तर हा जवळ येऊन विचारतो कसा, "मासेमारीचं आहे का हे?" आता आमच्या सरोवरात मासे भरपूर, मान्य आहे, पण म्हणून भिंतीत गळ टाकते का मी? आणि त्याला साहेब म्हणायचं. मी! त्याच संध्याकाळी जाऊन फॉर्म भरला. मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी आणि कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट! ओबुरांना, म्हणजे आमच्या घरधन्यांना, सांगितलं तर म्हणतात, "एवढं नाव घेईपर्यंत चुलीवरची मक्याची उगाली करपेल गं!" म्हटलं, मग तुम्ही ढवळा.

तर वर्गात बाकं एवढीशी. एकदा आत बसलं की बाहेर काढायला क्रेन. शेजारी नाफुला, एकोणीस वर्षांची, गणितात हुशार, आणि चपळ इतकी की मी पाढा म्हणेपर्यंत तिचं उत्तर लिहून, खोडूनसुद्धा झालेलं. शिकवायला न्जेरू सर. माणूस चांगला हो, पण हात कसे? ताज्या तळलेल्या गोड मांदाझीसारखे मऊ! उभ्या जन्मात वीट उचलली नसेल. मी म्हणायची, "सर, साईटवर असं नसतं." की ते चष्मा वर करून, हळू आवाजात, "अपोंदीबाई, परीक्षेला साईट बसत नाही. तुम्ही बसता." झालं!

एक तास मात्र मला आवडायचा, खोटं कशाला बोलू? डिझेल इंजिनाचा. आख्खं इंजिन उघडून बसायचो आम्ही. कुठला खटका ओढला की ते थांबतं, हँडल मारल्याशिवाय पुन्हा का सुरू होत नाही, सगळं शिकले. हे लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण आता लगेच तेच सांगतेय.

झालं काय, कॉलेजात नवीन वर्कशॉप बांधत होते. साठ पोरं बसतील एवढं. त्या दिवशी छताचा स्लॅब ओतणार होते, म्हणून सरांनी आमचा वर्ग बघायला नेला. डिझेलचा मिक्सर धडधडतोय, घमेली वर चाललीत, आणि मी ओलं छत पेलणाऱ्या सेंट्रिंगच्या खाली डोकावले... टेकू म्हणून निलगिरीचे वासे, तेही दोन-दोन तुकडे खिळ्यांनी जोडलेले, दोन टेकूंमध्ये आडवी गाय झोपेल एवढं अंतर! आणि उभे कशावर? कालच्या पावसात भिजलेल्या भरावावर! खाली फळी नाही, काही नाही!

तिथला साईटवरचा साहेब किप्लिमो, तेवीस वर्षांचा. गेले त्याच्याकडे, गोडीत म्हटलं, "बाळा, हे छत खाली बसणार." तर म्हणतो, "मावशी, तुम्ही विद्यार्थी ना? मग लाइनीत उभं राहून बघा. पाऊस यायच्या आत ओतायचंय मला."

लाइनीत उभं राहून बघा! बघितलंय ना मी! सोळा वर्षांपूर्वी असंच एक छत खाली येताना बघितलंय. ओचोला नावाचा गडी माझ्याबरोबर वाळू चाळायचा, बाईमाणूस म्हणून मला कधी जड घमेलं उचलू द्यायचा नाही, त्याचाच मला राग यायचा. तो खाली होता. त्याचा हात तेवढा सापडला आम्हाला आधी... जाऊ दे. ते नको.

मग मी काय केलं? सरळ मिक्सरकडे गेले, खटका ओढला. धड... धड... फुस्स! हँडल उचललं, कमरेच्या लेसोच्या कापडात गुंडाळलं आणि वाळूच्या ढिगावर ठेवून त्याच्यावर बसले. लोखंड ते, टोचत होतं. पण बसले!

"अहो मावशी, हँडल द्या!" किप्लिमो नाचतोय. म्हटलं, नाही देत. "कोण समजता तुम्ही स्वतःला?" म्हटलं, गवंडी! "तुम्हाला अधिकार काय?" आता खरंच, अधिकार काय होता मला? डिप्लोमा नाही ना माझ्याकडे!

प्राचार्यबाई आल्या तरातरा. "अपोंदी, आत्ता उठला नाहीत तर तुमचं नाव कमी करीन." म्हटलं, करा, पण नाव छताखाली चिरडत नाही बाई, पोरं चिरडतात. मी एक सळई मागितली, नाफुलानं आणून दिली. बसल्या जागेवरूनच म्हटलं, "जा गं, त्या टेकूच्या पायाशी खुपस." तिनं खुपसली. उगालीत बोट जावं तशी सळई आत! हातभर!

किप्लिमो म्हणतो, "जमीन थोडी ओली आहे, बाकी हिशेब बरोबर आहे." तेव्हा मी न्जेरू सरांकडे वळले. "सर, फळ्यावर रोज काढता ना, ते काढा की आता!" सरांनी प्लायवुडचा तुकडा ओढला, खिशातून खडू काढला. स्लॅबची जाडी, दोन टेकूंमधलं अंतर, ओल्या काँक्रीटचं वजन, वरची माणसं... चार ओळी. चारच! थांबले. पुसलं. पुन्हा काढलं. मग म्हणाले, "एकेका वाशावर दोन टन येतायत." आणि जन्मात पहिल्यांदा प्राचार्यबाईंसमोर त्यांचा आवाज चढला, "बाई, मी माझ्या मुलांना इथे खाली उभं करणार नाही!"

खरं सांगू? मला जरा वाईटच वाटलं. जे कळायला मला बावीस वर्षं आणि एक ओचोला लागला, ते त्या मऊ हातांना चार ओळींत कळलं. आणि माझ्या ओरडण्यानं ज्या प्राचार्यबाई हलल्या नव्हत्या, त्या खडूनं हलल्या. त्या दिवसापासून मी नाफुलाकडे गणित शिकते, रोज, मुकाट्यानं. पण हँडल? वरून शेवटचा माणूस उतरेपर्यंत दिलं नाही!

पुढे काय, काम थांबलं. वर पडलेला ओला माल उतरवला, सगळे टेकू काढले. प्राचार्यबाई म्हणाल्या, "अपोंदी, तुमचं तीन महिन्यांचं साईटवरचं प्रशिक्षण इथेच करा." प्रशिक्षण! माझं! बरं म्हटलं. भराव ठोकून घेतला, खाली फळ्या टाकल्या, टेकू दुप्पट केले, अखंड वाशांचे. स्लॅब ओतला. टेकू निघाले त्या दिवशी अख्खं कॉलेज माना वर करून उभं. केसाएवढी चीर नाही! पोरांनी मला उचलायचा प्रयत्न केला, सहा जण लागले, तरी नाही जमलं.

आणि मग आला प्रशिक्षणाचा अहवाल. त्यावर सही कोणाची हवी? साईटवरच्या कागदवाल्या साहेबाची. म्हणजे कोणाची? किप्लिमोची! मला देता येत नाही माझीच सही, डिप्लोमा नाही ना!

गेले. तो खुर्चीत, मी उभी. त्यानं वर छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेन चावलं, आणि लिहिलं, "उमेदवार होतकरू आहे. अनुभव थोडा कमी पडतो."

काय करणार सांगा? म्हटलं, "थँक्यू साहेब. फक्त शिक्का तेवढा सरळ मारा, तिरका पडतोय."